धुरावर जगलेलें गांव

ज्या गांवाला तट नाहीं, वेस नाहीं, शिलालेख नाहीं, किंवा एखाद्या राजपुरुषाच्या पराक्रमाची दंतकथाहि नाहीं, त्या गांवाला इतिहास तो कसला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. बखरींवर पोसलेल्या आपल्या इतिहासदृष्टीला कारखान्याच्या भोंग्यावर उठणारें आणि भोंग्यावरच निजणारें गांव हा अभ्यासाचा विषय वाटत नाहीं. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेनसिल्व्हेनिया या संस्थानांतील डोनोरा या लहानशा गांवाची हकीकत ऐकली म्हणजे ही समजूत बदलावी लागते. या गांवाला शत्रूनें कधीं वेढा घातला नाहीं. त्याला वेढा पडला तो त्याच्या स्वतःच्याच धुराचा. आणि त्या वेढ्याची आठवण उघडपणें सांगावी कीं गिळून टाकावी, हा पेंच पुढें कित्येक वर्षें त्या गांवापुढें उभा राहिला.

पिट्सबर्ग या पोलादाच्या राजधानीच्या दक्षिणेस मनाँगहीला नदी घोड्याच्या नालासारखें एक मोठें वळण घेते. या वळणाच्या आंतल्या बाजूस, नदीचा कांठ आणि सुमारे ४०० फूट उंचीच्या टेकड्या यांच्या बेचक्यांत डोनोरा वसलें. १९०१ सालीं त्याला स्वतंत्र गांवाचा दर्जा मिळाला. त्याचें नांवहि कारखानदारीच्या घरांतलेंच आहे. विल्यम डॉनर हा त्याचा संस्थापक उद्योगपति, आणि नोरा ही अँड्रयू मेलन या धनाढ्य पेढीवाल्याची पत्नी. या दोन नांवांची सांधाजोड करून हें नांव बनविण्यांत आलें. लवकरच नदीकांठीं सुमारे तीन मैल लांबीची कारखान्यांची रांग उभी राहिली. तेथें पोलाद होई, पोलादाची तार होई, तारेचे खिळे होत. या कामासाठीं पोलंड, स्लोव्हाकिया, रशिया, इटली, स्पेन अशा देशांतून मजूर आले. दक्षिणेकडून कृष्णवर्णी लोक आले. भाषा निरनिराळ्या, प्रार्थनामंदिरें निरनिराळीं. भाकरी मात्र एकाच भट्टीची.

१९१५ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, तेथें जस्ताचा कारखाना निघाला. खनिजांतून जस्त काढतांना गंधकाचे आम्लधर्मी वायु बाहेर पडतात. धातूंचे सूक्ष्म कणहि हवेंत मिसळतात. नदीपलीकडे वेबस्टर नांवाचें शेतकऱ्यांचें खेडें होतें. त्याची दशा पाहून या वायूंचा प्रताप कोणासहि कळला असता. फळबागा वठल्या, कुरणें करपलीं, टेकड्यांवरची हिरवळ जाऊन पावसानें उघडी माती ओघळूं लागली. नुकसानभरपाईच्या फिर्यादी १९१८ सालापासूनच सुरू झाल्या होत्या. परंतु डोनोरांतल्या गृहिणीला धुराचा अर्थ निराळा होता. वाळत घातलेले कपडे काजळीनें काळे होत, ही गोष्ट खरी. पण ज्या दिवशीं ते काळे होत नसत त्या दिवशीं नवरा कामावांचून घरीं बसलेला असे. १९३० नंतरच्या मंदींत धुराडीं थंड पडलेलीं ज्यांनीं पाहिलीं होतीं, त्यांना धूर दिसला कीं हायसें वाटे. या मनःस्थितीचें स्मरण ठेवल्याशिवाय पुढची हकीकत नीट समजणार नाहीं.

१९४८ सालच्या ऑक्टोबरच्या २६ तारखेस, मंगळवारीं, दरींत धुकें उतरलें. शरदांतील धुकें त्या लोकांना नवें नव्हतें. थंड व जड हवा तळाशीं बसते आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर झांकणासारखा पडतो. मग वारा सुटेपर्यंत खालची हवा वर जाऊं शकत नाहीं. एरवीं दुपारपर्यंत हें झांकण उघडत असे. या वेळीं तें उघडलें नाहीं, आणि धुराडीं मात्र नित्याप्रमाणें चालू राहिलीं. शुक्रवारीं सायंकाळीं मुलांच्या सोंगांची वार्षिक मिरवणूक निघाली; रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्यांना सोंगें छायेसारखीं दिसलीं. शनिवारीं शेजारच्या मनाँगहीला गांवाशीं फूटबॉलचा सामना झाला; प्रेक्षकांना चेंडू दिसेना, तरीहि सामना पुरा झाला. खेळ चालू असतांनाच एका खेळाडूस ध्वनिक्षेपकावरून तांतडीनें घरीं बोलावण्यांत आलें, आणि तो पोंचला तेव्हां त्याचे वडील वारले होते, अशी आठवण तेथें सांगतात.

कारण तोंपर्यंत मृत्यु घरोघर फिरूं लागला होता. शनिवारच्या पहांटेपूर्वींच पहिला माणूस दगावला. दूरध्वनीवरून डॉक्टरांना हांका येत होत्या, पण मोटार हांकण्याइतकी वाट दिसत नव्हती. अग्निशामक दलाचे लोक प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन भिंती व कुंपणें चांचपडत घरोघर गेले. एकाला थोडा श्वास द्यावा आणि नळकांडें उचलून दुसऱ्याकडे न्यावें. आपला श्वास हिरावून नेला जात आहे असें पाहणाऱ्या रोग्याची नजर चुकवावी, असें तें काम होतें. आरोग्यमंडळाचे सभासद डॉ. विल्यम राँगॉस यांनीं रुग्णवाहिकेच्या पुढें पायीं चालून तिला वाट दाखविली. दम्याच्या व हृदयविकाराच्या रोग्यांनीं गांव सोडावें, असेंहि ते सांगत होते. रविवारीं, ३१ तारखेस सकाळीं सहा वाजतां, जस्ताच्या भट्ट्या मंद करण्यांत आल्या. त्याच दिवशीं पाऊस आला आणि आकाश धुवून निघालें. सोमवारीं कारखाना पुन्हां सुरू झाला.

वीस माणसें दगावलीं. त्यांतील सर्वांत लहान ५२ वर्षांचा व सर्वांत वृद्ध ८४ वर्षांचा होता. सुमारे १४,००० वस्तीपैकीं ५,९१० लोकांना कमीअधिक बाधा झाली, असें सरकारी आरोग्यखात्यानें घरोघर चौकशी करून १९४९ सालीं नमूद केलें. कंपनीनें या घटनेस दैवी आपत्ति म्हटलें. १९५१ सालीं आपला दोष कबूल न करतां सुमारे २,३५,००० डॉलर देऊन तिनें दावे मिटविले. दैवी म्हणावें तर धुकें दैवी होतें, यांत संशय नाहीं. पण धुक्यानें जें कोंडून धरलें तें मनुष्याचेंच होतें. शिवाय पूर्वसूचनाहि मिळालेली होती. १९३० सालीं बेल्जममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यांत असेंच धुकें बसून साठांहून अधिक लोक मेले होते, आणि तेथेंहि कांठाकांठानें कारखानेच होते.

डोनोराच्या मरणाचा उपयोग इतरांना झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीं १९५० सालीं हवेच्या दूषिततेविषयीं तज्ज्ञांची राष्ट्रीय परिषद बोलाविली. १९५५ सालीं या बाबतींतला पहिला मध्यवर्ती कायदा झाला. पुढें १९६३ व १९७० सालचे अधिक कडक कायदे आले. पण कायदा जन्मास घालणाऱ्या या गांवीं मात्र या गोष्टीचा उच्चार कोणी फारसा करीत नसे. जस्त गाळण्याची तेथील पद्धत जुनी झाली होती, आणि १९५७ सालीं तो कारखाना बंद पडला. पुढच्या दहा वर्षांच्या आंत पोलादाच्या भट्ट्याहि विझल्या. ज्यांची रोजी गेली त्यांना वाटे कीं, धुराविरुद्ध ओरडणाऱ्यांनींच हें अरिष्ट ओढवून आणलें. ज्यांची माणसें गेलीं त्यांच्यापैकींहि पुष्कळांचें पोट त्याच कारखान्यावर भरत आलें होतें. तीं तक्रार करणार कोणाकडे आणि कोणत्या तोंडानें? मुलांना वाढविणारा हात आणि बापाचा गळा दाबणारा हात एकच निघाला, म्हणजे माणूस मुका होतो. त्या मौनास भ्याडपणा म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. तें ऋणको माणसाचें मौन होतें.

तें मौन सुटण्यास एक पिढी जावी लागली. गांवाची कीर्ति तोंवर दुसऱ्याच कारणानें गाजत होती. बेसबॉलचा थोर खेळाडू स्टॅन म्यूझियल १९२० सालीं येथेंच जन्मला. त्याचे पोलिश वडील येथील कारखान्यांत मजूर होते, आणि त्या धुक्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, १९४८ च्या डिसेंबरांत, ते वारले. येथें लहानाची मोठी झालेली डेव्हरा डेव्हिस ही विदुषी पुढें रोगांच्या प्रसाराची शास्त्रज्ञ झाली, आणि २००२ सालीं तिनें आपल्या ग्रंथांत या गांवाची कथा सांगितली. १९९५ सालीं संस्थानाच्या इतिहासमंडळानें स्मृतिफलक उभारला. २००८ सालीं, त्या आठवड्याला साठ वर्षें झालीं तेव्हां, गांवकऱ्यांनीं त्या धुराचेंच संग्रहालय उघडलें आणि स्वच्छ हवेचा आरंभ येथूनच झाला, असें त्याच्यावर लिहिलें. जी गोष्ट लपवावयाची ती आतां मिरवावयाची झाली. २०२० च्या शिरगणतींत गांवाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास भरली. म्हणजे कपडे आतां शुभ्र वाळतात, पण वाळत घालणारे हात एक तृतीयांशाहूनहि कमी उरले आहेत.

त्या वीस जणांत कोणी सेनापति नव्हता, कोणी हुतात्मा म्हणवून घेणाराहि नव्हता. बहुतेकांनीं उभा जन्म कष्टांत काढला आणि शेवटीं फक्त श्वास मागितला. त्यांचीं नांवें आपण पाठ करणार नाहीं. परंतु ज्या धुरावर आपली चूल पेटते तो धूर कोणाच्या छातींत जातो, हें विचारण्याचें धैर्य पोट भरत असतांनाच दाखविलें पाहिजे. भट्ट्या विझल्यावर तें सर्वांनाच येतें, हें डोनोराच्या इतिहासानें वीस प्राणांच्या किंमतीला शिकविलें आहे.