अध्ययन आणि आधार : डहाणू-तलासरीचा दाखला

विद्यापीठाच्या कार्याची अध्यापन, संशोधन व विद्यार्थिसाहाय्य अशी विभागणी आज रूढ आहे. तीत निवास, भोजन, आरोग्य इत्यादी सोयींना बहुधा अखेरचे स्थान मिळते. हा क्रम कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा डहाणू-तलासरीच्या इतिहासावरून करता येते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. तथापि मुंबईच्या उत्तरेस वसलेला वारली समाज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अक्षरओळखीलाही बव्हंशी पारखा होता. त्याचे कारण अनास्था नव्हे. जमीन गेलेली, डोक्यावर कर्ज आणि अंगावर वेठ अशी त्याची अवस्था होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पतिपत्नी दोघेही सावकाराकडे राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. ज्याचा दिवसच स्वतःच्या मालकीचा नाही, त्याला शाळेची वेळ कोठून असणार?

१९४५ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी के. जे. सावे यांचा वारली जीवनावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील व आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वारल्यांची परिषद भरली व वेठीविरुद्धचा लढा सुरू झाला. त्याच्या अग्रभागी असलेल्या गोदावरी परुळेकर या कायद्याच्या पदवीधर होत. मुंबई विद्यापीठाच्याच पदवीधर ताराबाई मोडक यांनीही त्याच वर्षी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. एकीकडे वारली हा अभ्यासाचा विषय झाला, दुसरीकडे तो आपल्या श्रमाचा धनी होऊ लागला आणि तिसरीकडे त्याच्या मुलांसाठी विद्येचे दार उघडू लागले.

बोर्डीचे हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, हीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. मॉन्टेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा परिसरातील वस्तूंनी घेतली. मुलांना आंघोळ घालणे, खाऊ देणे ही कामे पाठाच्या तयारीपुरती नव्हती, तो पाठाचाच भाग होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. विशेष हे की, अनुताईंनी स्वतः पदवी संपादन केली ती १९६१ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. अध्यापनातील त्यांचा शोध पदवीच्या आधीचा होता.

सांप्रत तलासरीत गोदावरी परुळेकर यांच्या नावाचे महाविद्यालय आहे व ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्या समाजाविषयी इतरांनी ग्रंथ लिहिले, त्याच समाजातील तरुण आता स्वतः लिहू शकतात. परंतु ते वर्गात टिकले तर. कोसबाडचा अनुभव असा की, गळतीचे कारण विद्यार्थ्याच्या ठायी शोधण्यापूर्वी शाळेची वेळ, अंतर व अन्न यांची चौकशी करावी. पदवीच्या पातळीवर हाच प्रश्न वसतिगृह, प्रवास, शिष्यवृत्तीचा समय आणि शिक्षणाची भाषा या रूपांनी उभा राहतो. या सोयींना साहाय्य म्हणून बाजूस न ठेवता संशोधनाचा विषय म्हणून त्यांचा पद्धतशीर अभ्यास होणे अगत्याचे आहे.