पाठीवर पडशी, अंगात हुन्नर

प्रवासाची पुस्तके बहुधा परतीचे तिकीट खिशात असलेली माणसे लिहितात. आज ज्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे, त्यांच्याजवळ तसले तिकीट नव्हते. पाठीवर पडशी, हातात काठी आणि अंगात हुन्नर, एवढेच त्यांचे भांडवल. हे युरोपातील फिरस्ते कारागीर होत. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. म्हणून या माणसांचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा आपलीच कुळकथा वाचतो आहे असे मला वाटले.

जर्मन मुलुखात सुताराची, शिंप्याची किंवा कातार्‍याची उमेदवारी संपली, तरी त्या पोराला लगेच उस्ताद होता येत नसे. आधी काही वर्षे परमुलुखात हिंडून, निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करून यावे, असा पुष्कळ धंद्यांचा नियम होता. आजही तेथील थोडे सुतार व पाथरवट ही चाल पाळतात. तीन वर्षे आणि एक दिवस घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकावयाचे नाही. लग्न झालेले नसावे आणि अंगावर कर्ज नसावे, हीही अट.

या भ्रमंतीत कारागीर काय शिकत? हाताचे कसब तर शिकतच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते तुलना करावयास शिकत. मजुरीचा दर, कामाचे तास, उस्तादाच्या घरची भाकरी या गोष्टी गावात जन्मभर राहणार्‍याला उन्हापावसासारख्या वाटतात. दोन राज्यांच्या सीमा पायी ओलांडलेल्याला कळते की हा पाऊस नव्हे. कोणीतरी ठरविलेला दर आहे, आणि ठरविलेली गोष्ट बदलता येते.

राज्यकर्त्यांना हे लवकर उमगले. कारागिराजवळ एक वही असे आणि तीवर ठिकठिकाणच्या पोलिसांचे शिक्के पडत. 1835 साली तर जर्मन राज्यसंघाने, जेथे कारागिरांच्या संघटना व सभा उघडपणे चालतात अशा देशांत जाण्यास त्यांना बंदी केली. रोख स्वित्झर्लंड व फ्रान्सवर होता. पण पाय थांबले नाहीत. 1836 साली पॅरिसमध्ये जर्मन कारागिरांनी ‘न्यायनिष्ठांचा संघ’ काढला. विल्हेल्म वाइटलिंग हे शिंपी त्यातलेच एक. हाच संघ 1847 साली लंडनमध्ये कम्युनिस्ट संघ झाला आणि त्याने लिहवून घेतलेला जाहीरनामा दुसर्‍या वर्षी जगभर जाण्यासाठी निघाला. त्यातील मते कोणास पटोत वा न पटोत. त्याच्यामागे पायी चाललेल्या माणसांची धूळ आहे, हे विसरता येत नाही.

येथवर ऐकून आपण म्हणाल, प्रवासाने मन मोठे होते, हे तर आम्ही जाणतोच. मित्रहो, तसे आपोआप होत नाही. फ्रान्समधील कारागीरही देशभर फेरी मारीत. पण त्यांचे निरनिराळे पंथ होते. वाटेत दोघे समोरासमोर आले की धंदा विचारावयाचा, पंथ विचारावयाचा, आणि पंथ वेगळा निघाला की काठ्या उगारावयाच्या. माणसे मरत. शेकडो कोस चालून शेवटी शत्रू कोण, तर आपल्यासारखाच रंधा मारणारा! आग्रिकोल पेर्दिगिये या सुताराने 1824 ते 1828 अशी ही फेरी केली, हे वैर डोळ्यांनी पाहिले आणि 1839 साली पुस्तक लिहून सर्व पंथांना एकीची हाक दिली. 1848 च्या क्रांतीनंतर लोकांनी त्यांना संविधानसभेत निवडून पाठविले.

मग मन मोठे करते काय? मला उत्तर सापडले ते आउगुस्ट बेबेल यांच्या तरुणपणात. हे कातारी, धर्माने प्रोटेस्टंट. भ्रमंतीत फ्रायबुर्ग व साल्झबुर्ग येथे त्यांनी कॅथलिक कारागिरांच्या मंडळात प्रवेश मागितला आणि मंडळाने तो दिला. तेथे त्यांना वर्तमानपत्रे मिळाली, व्याख्याने मिळाली, सोबत मिळाली. 1860 साली ते लाइपझिगला आले आणि पुढे जर्मन कामगारांच्या पक्षाचे पुढारी झाले. शिकविले ते रस्त्याने खरे. पण संध्याकाळी उघडलेल्या दाराने अधिक शिकविले.

इंग्लंडातील संघटनांनी तर या दाराची रीतच घालून दिली होती. संघाचे कार्ड दाखविणार्‍या फिरस्त्याला ठरलेल्या खाणावळीत जेवण व बिछाना मिळे. गावात काम असेल तर चिटणीस पत्ता सांगे. नसेल तर सकाळी वाटखर्च देऊन पुढच्या गावी पाठवी. यात दया थोडी आणि शहाणपण फार होते. भुकेला परका मिळेल त्या दराने राबतो आणि गावकर्‍याचा दर पाडतो. जेवलेला परका भाव पाडीत नाही. 1840 च्या दशकातील मंदीत सगळीकडेच काम आटले, तेव्हा ही रीत अपुरी पडली आणि बेकारांना घरबसल्या मदत देण्याकडे संघटना वळल्या. पण मूळ विचार तोच राहिला.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात संप केला. ठेकेदाराने रातोरात परप्रांतातून माणसे आणली. आम्ही फाटकावर उभे राहून त्यांना संपफोडे म्हणालो, शिव्या दिल्या. ती माणसे आत पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होती, ठेकेदाराचेच अन्न खात होती. चाळीस दिवसांत आमच्यापैकी एकानेही त्यांना जेवलात का म्हणून विचारले नाही. संप आम्ही हरलो. माझे वडील कोकणातून मुंबईला आले, तेव्हा गाववाल्यांच्या खोलीत त्यांची वळकटी टाकावयास जागा मिळाली होती. तीवरच आमचे घर उभे राहिले. ते फाटकावर मला आठवले नाही. इंग्लंडातील त्या चिटणिसाला शे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे कळले होते, ते मला हरल्यावर कळले.

आपल्या गावातही आज अशी माणसे आहेत. बांधकामावर, भट्टीवर, हॉटेलाच्या मोरीपाशी. त्यांच्याही पाठीवर पडशी आहे. या व्याख्यानमालेला कोणाला तिकीट लागत नाही. पुढच्या वर्षी येताना आपल्यापैकी प्रत्येकाने त्यातला एकेक जण सोबत आणावा, आणि आधी त्याला घरी जेवावयास बोलवावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.