पाण्यात बंद पडलेली दुचाकी
पावसाळ्यात उमरगा तालुक्यातील मुरूम परिसरात ओढा ओलांडताना दुचाकी मध्येच बंद पडल्यास स्टार्टरचे बटण दाबत राहण्याचा मोह आवरावा. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन उघडण्याची वेळ येते. गाडी ढकलत कोरड्या जागी आणून आधी फिल्टर पाहावा. तो कोरडा असल्यास दोष बहुधा स्पार्क प्लगच्या टोपणात असतो; पुसून भागते. ओला असल्यास प्लग काढावा आणि इग्निशन बंद ठेवून किक मारत पाणी बाहेर काढावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हवेची बारीक नळी बुडाली, तरी पेट्रोल अडते. हे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पाण्याबाहेर येताच गाडी सुरू होते. इंजिन ऑईल दुधाळ दिसल्यास मात्र ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.