श्वास मोजायला कोणी शिकवलं नव्हतं

परवा रात्री नातीचा फोन. "आजी, बाळाचं नाक चोंदलंय गं, दूध ओढता येत नाहीये. काय करू?" बाळ पाच महिन्यांचं. "ओवा भाज, पुरचुंडी कर..." असं तोंडावर आलं होतं, पण थांबले. कारण १९७६ सालचं आमचं माजघर आठवलं.

तेव्हा तिची आई अशीच तान्ही होती. सासूबाईंनी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून चाटवलं, टाळूवर वेखंडाची पूड चोळली, शेगडीत ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी दिली. माया अपार. पण तिसऱ्या दिवशी लेकीचं पोट उडायला लागलं, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. न्यूमोनिया निघाला. वाचली, पण दोन दिवस आपण धुरात घालवले ही टोचणी अजून आहे.

योगायोग पाहा. त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांचा बॉट्युलिझम हा आजार ओळखला गेला, आणि तो मधातूनही होऊ शकतो हे पुढे काही वर्षांत कळलं. म्हणून आता वर्षाच्या आत मध नाही.

मग बाटलीतली औषधं आली. आम्हाला वाटलं, सुटलो! तर २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका म्हणून सांगितलं. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने मुलं दगावली, तेव्हा आपल्या सरकारनेही तेच बजावलं.

मला मोठं वाटतं ते गडचिरोलीचं काम. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. निरक्षर सुइणींसाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं. बालमृत्यू घटले, आणि १९९० साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सासूबाईंना हे कोणी शिकवलं असतं तर त्या मुळीच चुकल्या नसत्या.

नातीला म्हटलं, "नाकात सलाइनचे थेंब घाल, थोडं थोडं पाज. धूर नको, मध नको. आणि बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोज. पन्नास किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जायला लागली किंवा दूध सोडलं, तर सकाळची वाट बघू नकोस."

थोड्या वेळाने फोन आला. "आजी, अडतीस."

मग कुठे मला झोप लागली.