तेलाविना कुरकुरीत? बटाट्याच्या सळीतल्या पाण्याचा इतिहास

एअर फ्रायर घरात आला की पहिला प्रयोग फ्रेंच फ्राईजचा होतो, आणि पहिली तक्रारही त्यांचीच येते. बाजारातलं गोठवलेलं पाकीट ओतलं तर फ्राईज छान कुरकुरीत होतात. घरचा बटाटा चिरून टाकला तर टोकं काळपट, अंग तपकिरी आणि मधला भाग लिबलिबीत. यंत्र तेच, तापमान तेच, वेळही तीच. मग फरक पडतो कुठे?

आपल्या मंडळात आपण दानपत्रं, मोडी रुमाल, वाडे आणि घराणी यांच्यावर बोलतो. या वेळी विषय स्वयंपाकघरातला आहे, पण प्रश्न इतिहासाचाच आहे. वरच्या तक्रारीचं उत्तर यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळत नाही. ते बटाट्याच्या गेल्या चारशे वर्षांच्या प्रवासात मिळतं, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या गुजरातेतल्या मराठी घरांच्या गच्चीवरून जातो. माझं म्हणणं थोडक्यात असं: फ्राईजचा इतिहास हा तेलाचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे.

शब्द कुठून आला

आपण बटाटा म्हणतो, गुजराती शेजारी बटाटा किंवा बटेटा म्हणतात, कोंकणीतही बटाटो आहे. उत्तरेकडे मात्र आलू. इंदूर-ग्वाल्हेरचे आपले लोक घरात बटाटा आणि बाजारात आलू असे दोन्ही शब्द वापरतात. ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे आणलेला शब्द. मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं. पुढे दक्षिण अमेरिकेच्या पहाडातून आलेल्या वेगळ्याच कंदाला युरोपने तेच नाव चिकटवलं.

या नावाच्या घोळामुळे जुन्या कागदांत ‘पोटॅटो’ दिसला की थांबून विचार करावा लागतो. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७३ च्या डिसेंबरात मुंबईला पोहोचला. शिवकाळाच्या अभ्यासकांना तो चांगला ओळखीचा आहे. १६७५ मध्ये तो मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला होता, आणि हेन्री ऑक्झेंडेनच्या रायगडभेटीची हकिगतही त्याच्या पुस्तकात येते. लंडनमध्ये १६९८ साली छापलेल्या त्या पुस्तकाच्या आधारे सुरत आणि कर्नाटकातल्या मळ्यांत तेव्हा बटाटा होता असं सांगितलं जातं. मजा अशी की भारतातल्या बटाट्याचा हा साक्षीदार आडनावानेच ‘फ्रायर’! पण त्या काळच्या इंग्रजीत रताळ्यालाही पोटॅटोच म्हणत, त्यामुळे ही साक्ष जपूनच घ्यायला हवी.

‘फ्रेंच’ या विशेषणाचंही तसंच. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांनी हे नाव दिलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण १८५६ च्या एका इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकात ‘फ्रेंच फ्राईड पोटॅटोज’ हे शब्द छापलेले आहेत, म्हणजे महायुद्धाच्या साठेक वर्षं आधी. मूळ मालकी फ्रान्सची की बेल्जियमची हा वाद अजून रंगतो. बेल्जियमचा दावा १६८० च्या आसपासचा आहे: नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून लोकांनी बटाटे माशांच्या आकारात कापून तळले. पण बेल्जियमचाच इतिहासकार पिएर लक्लेर दाखवतो की त्या भागात बटाटा पोहोचलाच १७३५ च्या सुमारास. तो स्वतः फ्राईजचा उगम पॅरिसच्या रस्त्यावर शोधतो. आपल्याच देशाचा लाडका दावा कागदावर तपासून बाजूला ठेवणं, हा धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

कुरकुरीत म्हणजे नेमकं काय

बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. बाहेरच्या थरातलं पाणी निघून गेलं, स्टार्च शिजून वाळला आणि त्याचं पातळ, कडक कवच झालं, की दाताखाली कुर्रकन आवाज येतो. आत मात्र ओलावा राहिला पाहिजे. म्हणजे काम दोन तऱ्हेचं आहे: आत उकडायचं आणि बाहेर वाळवायचं.

बेल्जियममध्ये म्हणूनच दोनदा तळतात. आधी १५० ते १६० अंशांवर, मग थोडा विसावा, आणि शेवटी १८० च्या आसपास. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसऱ्या तळणीत कवच घट्ट होतं. तेलाचं इथलं काम उष्णता पोहोचवण्याचं. बटाटा तेलात असताना वाफ जोराने बाहेर येते, त्यामुळे तेल फारसं आत शिरत नाही. बरंचसं तेल शोषलं जातं ते सळी बाहेर काढून ती निवू लागल्यावर. म्हणून झारा निथळायचा असतो तो लगेच, गार झाल्यावर नाही.

हेच काम हवेने करायचं तर अडचण येते. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालू शकतो. उकळत्या पाण्यात, म्हणजे निम्म्या तापमानाला, तसा विचारही करत नाही. हवा उष्णता द्यायला फार कंजूष. तेलाच्या तुलनेत ती कित्येक पटींनी कमी वेगाने उष्णता देते. म्हणून हवेला पंख्याने जोरात फिरवावं लागतं, आणि तरीही ओला बटाटा तिच्यापुढे जड जातो. हवेची सगळी ताकद वरचं पाणी उडवण्यातच खर्च होते, आणि कवच धरायच्या आत आतला भाग मऊ पडतो.

अर्धं काम कारखान्यात

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आयडाहो राज्यातला जे. आर. सिम्प्लॉट सैन्याला वाळवलेले बटाटे आणि कांदे पुरवत होता. त्याच्याच कंपनीतल्या रे डनलप या रसायनतज्ज्ञाने १९४० च्या दशकात गोठवलेल्या फ्राईजची रीत बसवली. १९६० च्या दशकात मॅकडोनाल्ड्सने ताज्या बटाट्याऐवजी हा गोठवलेला माल घ्यायला सुरुवात केली, आणि फ्राईज जगभर एकसारखे झाले. १९६० साली गिल्बर्ट लॅम्बने पाण्याच्या जोरदार झोतात बटाटे पात्यांच्या जाळीवर सोडून कापायची युक्ती काढली. इंजिनियर म्हणून मला ही फार आवडते: पात्यं स्थिर, बटाटाच धावतो.

कारखान्यातला क्रम बघा. वाफेने साल काढणं, कापणं, ७० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात ठेवणं, करडेपणा येऊ नये म्हणून फॉस्फेटच्या क्षाराचं पाणी, गरम हवेत वाळवणं, तेलात थोडा वेळ तळणं आणि मग गोठवणं. म्हणजे पाकिटातली सळी आपल्या घरी येते ती धुतलेली, उकडलेली, वाळवलेली आणि एकदा तळलेलीसुद्धा. एअर फ्रायरकडे उरते ती फक्त दुसरी तळण. ‘तेलाविना’ म्हणून आपण जे खातो त्यातलं तेल कारखान्यातच लागलेलं असतं.

वाऱ्याची भट्टी

पंख्याने गरम हवा फिरवायची कल्पनाही मोठ्या वापरात आली ती गोठवलेल्या जेवणामुळेच. अमेरिकेतल्या विल्यम मॅक्सनने १९४५ च्या सुमारास विमानात गोठवलेली ताटं गरम करायला ‘व्हर्लविंड’ नावाची पंख्याची भट्टी केली. १९४७ मध्ये तो वारला आणि त्याचा धंदा पुढे चालला नाही, पण कल्पना टिकली. फ्रेड व्हॅन डर वे या डच संशोधकाने ती स्वयंपाकाच्या ओट्यावर बसेल इतकी लहान केली. त्याला घरच्या घरी कुरकुरीत फ्राईज हवे होते, एवढाच त्याचा हट्ट. २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ‘एअरफ्रायर’ लोकांपुढे मांडला. लहान पोकळी, वरून तापणारी तार, जोराचा पंखा आणि खालून हवा जाऊ देणारी जाळीची टोपली, एवढंच त्याचं मर्म. तळणं त्यात नाहीच, ती छोटी भट्टीच आहे.

गंमत म्हणजे नेदरलँड्सच्या बऱ्याच भागात फ्राईजला ‘पताट’ म्हणतात. त्यांचा पताट आणि आपला बटाटा, दोघांचं मूळ एकच.

गोड बटाट्याचं कोडं

आता आपल्या अंगणात येऊ. उत्तर गुजरातेत, बनासकांठा जिल्ह्यातल्या डीसा परिसरात, बटाट्याची मोठी शेती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. कॅनडातल्या मॅकेन कंपनीने २००७ च्या सुमारास मेहसाण्याला फ्राईजचा कारखाना सुरू केला आणि शेतकऱ्यांशी करार करून खास जातींचा बटाटा पिकवून घेतला. आज या पट्ट्यातून गोठवलेले फ्राईज परदेशी जातात. १९४९ साली पाटण्यात सुरू होऊन पुढे शिमल्याला गेलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये वेफरसाठी ‘कुफरी चिप्सोना’ आणि नंतर फ्राईजसाठी ‘कुफरी फ्रायसोना’ या जाती दिल्या.

खास जाती कशाला? तळणीच्या बटाट्यात पाणी कमी आणि घन भाग २० टक्क्यांच्या वर लागतो, आणि साखर जवळजवळ नको. भाजीसाठी गुजरातेत लोकप्रिय असलेला ‘कुफरी पुखराज’ पाणीदार असतो. रस्सा छान होतो, सळी मात्र लवकर मान टाकते.

दुसरी अडचण शीतगृहाची. भाजीचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात. इतक्या थंडीत बटाटा आपल्याच स्टार्चची साखर करू लागतो. ही साखर तापल्यावर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी भिडते आणि सळी शिजायच्या आधीच तपकिरी होते. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की याच प्रक्रियेत अॅक्रिलामाइड हे नको असलेलं रसायनही तयार होतं. म्हणून कारखान्याचा माल १० ते १२ अंशांवर साठवतात.

हे सगळं शास्त्र शोधनिबंधांत सविस्तर मिळतं. पण आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एका वाक्यात तेच सांगत आल्यात: “बटाटा गोड लागतोय गं, शीतगृहातला दिसतोय.”

गच्चीवरचा कारखाना

बडोद्यात होळीच्या आसपास मराठी आणि गुजराती दोन्ही घरांच्या गच्च्यांवर बटाट्याचे वेफर वाळत पडलेले असायचे, काही ठिकाणी अजूनही असतात. होळीच का? उन्हामुळे, हे खरंच. पण त्याच सुमारास डीशाचा नवा बटाटा बाजारात येतो, शीतगृहाचं तोंडही न बघितलेला, म्हणजे साखर कमी. त्याच बटाट्याचे वेफर तळल्यावर पांढरेशुभ्र राहतात. श्रावणातल्या बटाट्याचे केले तर लाल पडतात, आणि तेव्हा ऊनही नसतं.

आता कृती आठवा. साल काढायची, चकत्या पाण्यात पाडायच्या, पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा धुवायच्या, तुरटी आणि मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात एक वाफ आणायची, सुती लुगड्यावर पसरायच्या, आणि कडकडीत वाळल्या की डब्यात भरायच्या. धुण्यात वरचा स्टार्च आणि साखर जाते, उकळत्या पाण्यात स्टार्च शिजतो, तुरटीने चकती विरघळत नाही, उन्हात पाणी उडतं. सिम्प्लॉटच्या कारखान्याच्या क्रमाशेजारी हा क्रम ठेवून बघा. गोठवण्याच्या जागी वाळवण, बाकी तर्क तोच. मी असं म्हणत नाही की एकाने दुसऱ्याकडून घेतलं. पाणी आणि स्टार्च यांचे नियम दोघांनाही सारखेच होते, म्हणून दोघं एकाच वाटेवर आले. फरक इतकाच की एका वाटेवर नावं, सालं आणि पेटंटं लिहिली गेली, दुसरीवर काहीच नाही.

मग घरी करायचं कसं

वरचा इतिहास कृतीत उतरवला तर ती अशी होते. फेब्रुवारी ते एप्रिलमधला नवा, पण पक्क्या सालीचा बटाटा घ्या. वेफरसाठी म्हणून वेगळा विकतात तो मिळाला तर उत्तम. फ्रिजमध्ये ठेवू नका. शीतगृहातलाच मिळाला तर दोन-तीन आठवडे साध्या खोलीत, अंधारात, हवेशीर ठेवा, बरीच साखर परत स्टार्च होते. एक सेंटीमीटर जाडीच्या सळ्या करून पाणी नितळेपर्यंत धुवा आणि अर्धा तास पाण्यात ठेवा. मग उकळीच्या अलीकडच्या गरम पाण्यात, चमचाभर व्हिनेगर घालून, आठ-दहा मिनिटं ठेवा. सळी वाकली पाहिजे, मोडता कामा नये.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे तीच टाळतात: कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा तास वाळवा. अर्धा किलोला दोन चहाचे चमचे तेल चोळा. टोपलीत एकाच थरात, दाटी न करता, १६० अंशांवर बारा मिनिटं ठेवा. बाहेर काढून पाच मिनिटं निवू द्या. मग २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं, मधे एकदा टोपली हलवून. सोनेरी झाले की थांबा, तपकिरीची वाट बघू नका. मीठ शेवटी, कारण आधी घातलेलं मीठ पाणी बाहेर ओढतं.

नोंद कोण करणार

व्हॅन डर वेचं नाव आता विश्वकोशात आहे, आणि ते योग्यच आहे. पण कोणत्या पंधरवड्यात कोणता बटाटा घ्यायचा, किती तुरटी, किती वाफ, चकती कधी उचलायची, हे ज्ञान गच्च्या गेल्या तसं निघून चाललंय. फ्लॅटच्या बाल्कनीत वाळवण मावत नाही, आणि ज्यांच्या हातात ते आहे त्या आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, प्रत्येक गावचा बटाटा वेगळा आणि ऊनही वेगळं, तेव्हा रीतही वेगळी असणार.

आपण घराण्यांच्या वंशावळी जमवतो, तशा या रीतीही जमवू. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका बाईला विचारून महिना, बटाट्याचा प्रकार, प्रमाण आणि कारण एवढ्या चार गोष्टी लिहून काढायच्या. ‘कारण’ हा रकाना रिकामा सोडू नका. “असंच करतात” असं उत्तर आलं तरी पुन्हा एकदा विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्यांदा विचारल्यावरच खरी गोष्ट बाहेर येते.