खेळणी, शिसे आणि लहान कारागीर

२००६ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात चार वर्षांचा एक मुलगा शिशाच्या विषबाधेने दगावला. बुटांच्या जोडाबरोबर फुकट मिळालेल्या कंकणाचे पदक त्याने गिळले होते, आणि ते पदक जवळजवळ निव्वळ शिशाचे निघाले. पुढच्याच वर्षी मॅटेल या बड्या कंपनीला चीनमध्ये बनविलेली लक्षावधी खेळणी परत मागवावी लागली. त्यांच्या रंगात शिसे सापडले होते. लोकक्षोभ उसळला. ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेविषयीचा नवा कायदा प्रतिनिधिगृहात आला तेव्हा त्याच्या विरुद्ध एकच मत पडले, आणि १४ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

कायद्याच्या हेतूविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण होती ती हिशेबाची. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केलेली प्रत्येक वस्तू त्रयस्थ, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी, असा दंडक होता. शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांत आधी ६००, मग ३०० आणि शेवटी १०० भागांपर्यंत उतरायची होती. तपासणीचे शुल्क नमुन्यागणिक आकारले जाई आणि ते शेकडो, प्रसंगी हजारो डॉलरांच्या घरात जाई. एकाच साच्यातून लाखभर मोटारी काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च नगामागे पैशांत पडणार. घराच्या पडवीत डझनभर लाकडी घोडे तासणाऱ्या सुताराला मात्र घोड्याच्या किमतीपेक्षा त्याची परीक्षाच महाग! शिवाय हाताने घडविलेल्या वस्तूचे सौंदर्य तिच्या वेगळेपणात असते, आणि कायद्याच्या लेखी ते वेगळेपण म्हणजे नवा नमुना व नवे शुल्क. सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला याचे फारसे नवल वाटणार नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठा कारखाना असतो, कारण तक्रारही त्याच्याविषयीच आलेली असते.

१० फेब्रुवारी २००९ पासून शिशाची पहिली मर्यादा लागू व्हायची होती. धास्तावलेल्या लोकांनी त्या दिवसाला ‘राष्ट्रीय दिवाळखोरी दिन’ असे नावच देऊन टाकले. लहान कारागीर आणि छोटे दुकानदार यांनी ‘हॅन्डमेड टॉय अलायन्स’ नावाची संघटना उभारली व दाद मागावयास सुरुवात केली. पण दाद कोणाकडे मागावी? न्यायालयाकडून फारशी आशा नव्हती. त्याच फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने, ग्राहकहितासाठी झटणाऱ्या संस्थांच्या दाव्यात, प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या काही रसायनांवरील बंदी दुकानांत आधीच पडून असलेल्या मालालाही लागू आहे, असा निर्णय दिला. कायद्याची अक्षरे स्पष्ट असली म्हणजे न्यायाधीशाला दयेला वाव राहत नाही. आयोगाने तपासणीची सक्ती वर्षभर पुढे ढकलली, तरी शिशाची मर्यादा कायमच ठेवली. तपासणी न करताही माल निर्दोष असलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ. त्या ऑगस्टमध्ये साधे लाकूड, सूत, लोकर, रेशीम यांना शिशाच्या तपासणीतून वगळण्यात आले, तेव्हा कुठे कारागिरांना थोडा श्वास घेता आला. विशेष म्हणजे, जिच्या खेळण्यांनी हे प्रकरण पेटले त्या मॅटेलला स्वतःच्याच प्रयोगशाळांत तपासणी करण्याची परवानगी २००९ मध्येच मिळाली होती.

खरा उपाय विधिमंडळातच निघाला. १२ ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीने ‘लहान’ या शब्दाला प्रथमच आकडा मिळाला: वार्षिक विक्री दहा लक्ष डॉलरांच्या आत, आणि एकाच वस्तूचे वर्षाला ७,५०० पेक्षा अधिक नग नाहीत. अशा उत्पादकाने आयोगाकडे दरसाल नाव नोंदवावे, म्हणजे त्याला काही त्रयस्थ तपासण्या माफ. रंगातील शिसे, पाळणे, चोखण्या, सुटणारे बारीक भाग आणि मुलांचे धातूचे दागिने यांना मात्र ही माफी नव्हती. मिनियापोलिसच्या त्या मुलाच्या कंकणासारखी वस्तू कितीही लहान कारखान्यात बनली तरी प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे, ही तरतूद मला सर्वस्वी योग्य वाटते.

आपल्याकडे हाच प्रश्न दहा-बारा वर्षांनी उभा राहिला. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला व १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने त्यातून दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेला माल वगळला गेला, आणि भौगोलिक चिन्हांकन मिळालेल्या खेळण्यांचे नोंदणीकृत धारक व अधिकृत वापरकर्तेही सुटले. सवलतीची ही कसोटी अमेरिकेहून निराळी आहे. तेथे नग मोजले गेले. येथे नोंदपत्र पाहिले गेले. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे रंगविणाऱ्या कारागिराजवळ ओळखपत्र असेल, तर त्याने किती आंबे आणि किती केळी केली हे कोणी विचारणार नाही. पण त्याच्याइतकेच थोडे नग करणारा, कोठेही नाव न नोंदविलेला एखादा सुतार या दोन्ही वाटांच्या बाहेरच राहतो.