साग, नाशिक परिसरातील

साग (शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस, कुल लॅमिएसी) हा नाशिकच्या पश्चिमेकडील जंगलांत मूळचा आढळणारा, कठीण लाकडाचा पानझडी वृक्ष. सुरगाणा व पेठ तालुक्यांतील डोंगरउतारांवर तो खैर, ऐन, बिबळा यांच्यासोबत वाढतो. कोवळे पान चोळल्यास बोटे लाल होतात. सोनेरी-तपकिरी गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही व लाकूड फारसे वाकत नाही. पांढरे बाह्यकाष्ठ मात्र टिकत नाही.

पेशवेकालीन वाड्यांत खांब, तुळया, कडीपाट व चौकटी सागाच्या असत (पहा : वाडा). खांब दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नसे. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’. घराचे माप त्यावरच सांगितले जाई. मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात आरमारासाठी साग परवानगीनेच तोडावा असा दंडक आहे (पहा : मराठा आरमार). ब्रिटिश काळात जहाजे व रेल्वेच्या स्लीपरांसाठी देशभर सागाची मागणी वाढली. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलांतील तोडीवर सरकारी नियंत्रण घट्ट झाले (पहा : वनकायदा). आदिवासी पाड्यांवर सागाच्या रुंद पानांनी झोपड्या शाकारीत. हा उपयोग इमारतींतील वापराइतकाच महत्त्वाचा होता.